काळोखाच्या गोष्टी : खानदेशांतल्या आणि हैतींतल्या

गोष्ट सांगणारा कधींच एकटा नसतो. आमच्या खानदेशांत उन्हाळ्याच्या रात्रीं अंगणांत खाटा टाकून गोष्ट सुरू झाली म्हणजे ऐकणाऱ्यांपैकीं एकानें हुंकार द्यावा लागे. हुंकार थांबला कीं सांगणाराही थांबे, आणि "झोंपलास कां रे?" म्हणून विचारी. हैती नांवाच्या दूरच्या देशांत हीच रीत निराळ्या शब्दांनीं पाळतात. तेथें सांगणारा प्रथम "क्रिक?" असें विचारतो, आणि भोंवतीं बसलेलीं माणसें "क्राक!" असें उत्तर देतात; मग गोष्ट सुरू होते. एडविज दांतिका ह्या हैतींत जन्मलेल्या आणि अमेरिकेंत वाढलेल्या लेखिकेनें १९९५ सालच्या आपल्या कथासंग्रहाला हेंच नांव दिलें. धुळ्याच्या एका स्नेह्यांनीं तें पुस्तक आम्हांस वाचावयास दिलें, तेव्हां नांवाच्या गंमतीवरून तें मुलांच्या गोष्टींचें असावें असा आमचा समज झाला होता. पहिल्याच कथेंत होडींतून देश सोडून पळणारीं माणसें समुद्राच्या तोंडीं पडतात. पुस्तक मुलांच्या हातून काढून घेऊन आम्ही स्वतःच वाचीत बसलों.

वाचकांनीं येथेंच एक भेद ध्यानांत घ्यावा. भुताची गोष्ट वेगळी आणि काळोखाची गोष्ट वेगळी. भुताच्या गोष्टीनें अंगावर कांटा येतो, पण ती संपल्यावर पांघरूण डोक्यावर ओढून घेण्यांत एक प्रकारची गोडीही असते. कारण तें भूत आपल्या घरचें नाहीं हें मनांतून ठाऊक असतें. काळोखाच्या गोष्टींत भूत असलेंच तर तें निमित्तमात्र असतें. तेथें भीति वाटते ती माणसाची, भुकेची, सत्तेची, आणि पुष्कळ वेळां स्वतःची. हैतीच्या लेखकांनीं ह्या जातीची कथा फार लिहिली. झाक रूमें ह्यांचा कथासंग्रह १९३० सालीं निघाला, झाक स्तेफां आलेक्सी ह्यांचा १९६० सालीं. आणि २०११ सालीं दांतिका ह्यांनीं अनेक लेखकांच्या अशा कथा एकत्र करून जो संग्रह संपादिला, त्याचें नांव मराठींत 'काळें हैती' असेंच करावें लागेल. ह्या सर्वांत तेच ते विषय फिरून फिरून येतात. चेटकीण ठरविलेली बाई, मेल्यावरही राबणारा मजूर, रात्रीं दार ठोठावणारा शिपाई, उसाचा मळा, कारखान्याचें फाटक, आणि समुद्रापलीकडे कोठें तरी निभाव लागेल ही आशा. वाचतां वाचतां आम्हांस सातपुडा आठवूं लागला. खानदेश म्हटला म्हणजे सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढें बालकवींचीं फुलें, बहिणाबाईंचें जातें आणि तापीकांठच्या केळीच्या बागा येतात. तें खोटें नाहीं. पण त्या बागांच्या कुंपणापलीकडेही खानदेशच आहे.

दांतिका ह्यांच्या संग्रहांत 'एकोणीसशें सदतीस' ह्या नांवाची एक कथा आहे. एक तरुण मुलगी आपल्या आईस भेटावयास तुरुंगांत जाते. आईवर आळ असा कीं ती 'लूगारू' आहे, म्हणजे रात्रीं कातडी उतरवून अग्नीचे पंख लावून उडणारी व मुलांचे प्राण शोषणारी बाई. तिच्याबरोबर त्याच आळाच्या पुष्कळ बायका त्या तुरुंगांत आहेत. त्यांचीं डोकीं भादरलेलीं आहेत, आणि रात्रीं झोंपण्यापूर्वीं त्यांना एकमेकींच्या अंगावर थंड पाणी ओतावयास लावतात. हेतु हा कीं अंगांत ऊब उरूं नये, म्हणजे पंख फुटणार नाहींत! तुरुंग बांधला आहे अमेरिकेच्या सैनिकांनीं. हा देश १९१५ पासून १९३४ पर्यंत अमेरिकेच्या लष्करी ताब्यांत होता. कथेच्या नांवांतलें वर्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीचें आहे. १९३७ च्या आक्टोबरांत शेजारच्या डोमिनिकन देशाचा हुकूमशहा त्रुहियो ह्याच्या आज्ञेनें सरहद्दीवर राहणारे हजारों हैती लोक कापून काढण्यांत आले. कथेंतील आई त्या रात्रीं सरहद्दीवरची नदी ओलांडून वांचली होती, आणि त्याच रात्रीं ही मुलगी जन्मली. नदी ओलांडून जी वांचली तिला पुढें तिच्याच लोकांनीं 'उडणारी' म्हणून धरलें. लेखिका ह्यावर एक शब्दही टीका करीत नाहीं. मुलगी जाते, आईपुढें बसते, बोलणें सुचत नाहीं, परत येते, एवढेंच ती सांगते.

हें वाचून झाल्यावर आम्ही बराच वेळ पुस्तक मिटून बसलों, कारण ही बाई आमच्या ओळखीची होती.

सातपुड्याच्या पायथ्याशीं चोपडें तालुक्यांत आमचें मूळ गांव. गांवाच्या शेवटीं लिंबाच्या पारापलीकडे एक म्हातारी विधवा राहत असे. तिच्या हातचें कांहीं खावयाचें नाहीं, तिनें विचारलें तरी तिला आपलें नांव सांगावयाचें नाहीं, आणि दिवेलागणीनंतर तिचा विषय काढावयाचा नाहीं, अशी आम्हां मुलांस ताकीद होती. आम्ही ती निमूटपणें पाळीत असूं. इतकेंच नव्हे, तर तिच्या दारावरून जातांना धूम ठोकण्यांत आम्हांस मोठा पराक्रम वाटे. तिला कोणीं मारिलें नाहीं. तिच्या अंगावर कोणीं पाणीही ओतलें नाहीं. तिच्याशीं कोणी बोलत नसे, एवढेंच. नदीकांठीं तिची थोडी जमीन होती, ती तिच्यामागें दिराच्या मुलांकडे गेली. ह्या दोन गोष्टींचा कांहीं संबंध असूं शकेल हें आमच्या ध्यानांत येण्यास आमचे केंस पांढरे व्हावे लागले.

डोंगरांत ही गोष्ट इतक्यावर थांबत नसे. भिल्लांतील डाकिणीविषयींच्या समजुती १८८० च्या खानदेश गॅझेटियरांत नोंदल्या आहेत. त्या काळच्या इंग्रज अंमलदारांच्या टिपणांत आढळतें तें असें: घरांत माणूस वा गुरूं दगावलें कीं बडव्यास विचारावयाचें, बडवा एखाद्या बाईचें नांव घेणार, मग तिला झाडास उलटी टांगून, डोळ्यांवर मिरच्यांची पूड बांधून, कबुली मिळेपर्यंत झोके द्यावयाचे. कबुली मिळणारच. इंग्रज सरकारनें ह्यावर शिक्षा ठेविल्या, आणि स्वतःच्या सुधारणेबद्दल स्वतःचें कौतुकही केलें. पण १८१८ नंतरच्या वर्षांत ह्याच सरकारनें भिल्लांच्या वस्त्या जाळून व जंगलाच्या वाटा अडवून त्यांचें जगणें किती दुस्तर केलें, ह्याचा हिशेब त्याच कागदांत दुसऱ्या पानावर सांपडतो. ज्या पाड्यावर औषध नाहीं, जमिनीची शाश्वति नाहीं आणि मूल कां मेलें हें सांगणारा कोणी नाहीं, तेथें सांगणारा बडवाच उरतो. ह्यानें बडव्याचा दोष कमी होत नाहीं. पण दोष त्याच्यावरच संपतही नाहीं.

हें सगळें जुनें झालें, असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं २०१३ सालचा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा काढून पाहावा. एखाद्या व्यक्तीवर करणी-जारणमारणाचा आळ घेऊन तिला छळणें हा त्यांत गुन्हा म्हणून लिहावा लागला आहे. ज्यांनीं त्या कायद्यासाठीं आयुष्य वेंचलें त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षीं २० आगस्ट रोजीं पुण्यांत खून झाला, आणि मग कायदा आला. सातपुड्याचा धडगांव-अक्कलकुव्याकडील जो भाग १९९८ पर्यंत धुळें जिल्ह्यांत होता व आतां नंदुरबारांत आहे, तेथील कार्यकर्त्यांस 'डाकीण' हा शब्द केवळ गोष्टींतला म्हणून ठाऊक नाहीं.

आतां मराठीकडे वळूं. आमच्या भाषेंत काळोखाची कथा कोणीं लिहिली? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां आम्ही जेथें पोंचलों तें ठिकाण आमच्या घरापासून फार दूर नाहीं. कै. हरि नारायण आपटे ह्यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजीं पारोळें येथें झाला. जन्मापुरतेच ते खानदेशचे. पुढील सारें आयुष्य मुंबईपुण्याचें. तरीही त्यांचा उल्लेख आला कीं आमच्याकडील मंडळी 'आमचे हरिभाऊ' असें म्हणतात, आणि आम्हीही म्हणतों. हरिभाऊंनीं १८९० सालीं 'करमणूक' पत्र काढलें, कादंबऱ्या लिहिल्या, आणि ज्यांस ते 'स्फुट गोष्टी' म्हणत त्यांनीं मराठी लघुकथेचा पाया घातला. त्या गोष्टींत मध्यम वर्गाच्या घरांतील सुखदुःखें अधिक. पण एक गोष्ट निराळी आहे. तिचें नांव 'काळ तर मोठा कठीण आला!' ती दुष्काळांत सांपडलेल्या एका गरीब कुटुंबाची कथा. तिचें इंग्रजी भाषांतर 'रामजी' ह्या नांवानें १८९७ सालीं लंडनांत छापून निघालें. म्हणजे ज्या दुष्काळानें त्या वेळीं मुंबई इलाखा होरपळत होता, त्याचें दुःख त्याच वर्षीं राज्यकर्त्यांच्या राजधानींत पुस्तकाच्या रूपानें पोंचलें. तिकडे तें किती जणांनीं वाचलें तें असो. पुढें दोनच वर्षांनीं, १८९९-१९०० सालीं, संवत् १९५६ चा तो 'छप्पन्या' आला, ज्याचें नांव काढतांच खानदेशांतील म्हाताऱ्याकोताऱ्या तोंडांत बोट घालीत.

ह्या गोष्टींत भूत नाहीं, खून नाहीं, कट नाहीं. पाऊस पडत नाहीं, एवढीच घटना. पण हरिभाऊंनीं एक गोष्ट पहिल्यानें ओळखली, ती ही कीं उपासमार ही माणसाला केवळ मारीत नाहीं. मारण्याच्या आधीं ती त्याची अब्रू, त्याची नाती आणि त्याचा शब्द एकेक करून काढून घेते. रूमें ह्यांची जी प्रसिद्ध कादंबरी त्यांच्या मृत्यूच्या वर्षीं, १९४४ सालीं, प्रसिद्ध झाली, तिच्यांतही प्रारंभ दुष्काळाचाच आहे. गांव कोरडें पडलें आहे, आणि जो तरुण पाणी शोधून काढतो त्याचाच खून होतो. तेव्हां हैतीच्या अगोदर अर्धें शतक पारोळ्याच्या माणसानें हा विषय हाताळला, असें म्हणण्याचा मोह आम्हांस होतो. हा मोह प्रांताभिमानाचा आहे हें आम्ही कबूल करतों. हरिभाऊंची सहानुभूति खरी, तरी ती माडीवरून खालीं पाहणाऱ्याची. ते दुष्काळ पाहत होते, भोगीत नव्हते.

भोगणाऱ्यानें लेखणी हातांत घेण्यास आणखी अर्धें शतक जावें लागलें. दुष्काळी कामांवर सरकार लोकांकडून खडी फोडून घेई आणि फोडलेल्या ढिगाच्या मापानें मजुरी देई. १९७२ च्या दुष्काळांतही आम्हीं रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायांच्या रांगा आपल्या डोळ्यांनीं पाहिल्या. हा जो दगड, तोच अण्णाभाऊ साठे ह्यांच्या 'स्मशानांतील सोनं' ह्या कथेंत पुन्हां भेटतो. अण्णाभाऊ वाटेगांवचे, जन्म १९२०, मृत्यु १९६९. वारणेकांठचा भीमा नांवाचा एक धिप्पाड गडी पोटासाठीं बायको व मुलगी घेऊन मुंबईस येतो आणि उपनगरांतील एका दगडाच्या खाणींत कामास लागतो. हात मजबूत, मजुरी नेमकी, संसार नीट चालतो. मग खाण बंद पडते. वेडावल्यासारखा हिंडतांना एका चितेच्या राखेंत त्याला सोन्याचा तुकडा सांपडतो, आणि तेथून त्याचा नवा धंदा सुरू होतो. रात्रीं स्मशानें धुंडावयाचीं, राख चाळावयाची, पुरलेलीं प्रेतें उकरावयाचीं, आणि मेलेल्याच्या तोंडांतलें, बोटांतलें, कानांतलें सोनें काढावयाचें. बायको भितें-भितें म्हणते, हें नको. तो म्हणतो, मुडद्यांच्या अंगावर सोनें असतें आणि जित्यांना खावयास नसतें, ह्याला काय म्हणावें! ह्या एका विचारावर सारी कथा उभी आहे. पुढें एका रात्रीं एका सधन माणसाचें ताजें प्रेत तो उकरतो. त्याच प्रेतावर कोल्ह्यांचीही टोळी आलेली असते. अंधारांत, उघड्या खड्ड्यावर, माणूस आणि जनावरें ह्यांची एका मुडद्यासाठीं जी झुंज होते तिचें वर्णन वाचून आमच्या हातांतील पुस्तक थरथरूं लागलें. झुंज तो जिंकतो. मग प्रेताचा जबडा पहारीनें उचकटून आंत बोटें घालतो, आणि पहार निसटते. जबडा मिटतो. मेलेला माणूस जित्याचीं बोटें दांतांत धरून बसतो.

भीमा सुटतो, पण दोन बोटें जातात. आणि घरीं पडला असतां त्याला कळतें कीं खाण पुन्हां सुरू झाली आहे. एवढा मोठा गडी लेंकरासारखा रडूं लागतो. दगड फोडणाऱ्या हाताचीं बोटें गेल्यावर खाण सुरू झाली!

आम्हांस ह्या कथेचें थोरपण तिच्या भयानकतेंत दिसत नाहीं. भयानकता पुष्कळांना साधते. अण्णाभाऊंनीं साधलें तें हें कीं भीमाचा एकही पाय आम्हांस अनावश्यक वाटत नाहीं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तो जें जें करतो तें तें एक समजूतदार, संसारी, कामसू माणूस करीलच असें वाटतें; आणि तरीही तो स्मशानांत कोल्ह्यांच्या पंक्तीला जाऊन बसलेला असतो. आपणही तेंच केलें असतें, ही जाणीव ज्या वाचकास होत नाहीं त्याच्यासाठीं ती केवळ एक किळसवाणी गोष्ट राहील.

हैतींत ह्याच कल्पनेला एक नांव आहे: झोंबी. सिनेमानें हा शब्द जगभर नेला, पण नेतांना त्याचा अर्थ सांडून टाकला. पडद्यावरचें झोंबी माणसें खातें. हैतीच्या लोककथेंतलें झोंबी कोणालाही खात नाहीं, तें राबतें. मांत्रिक मेलेल्या माणसाचा आत्मा काढून घेतो, देह उठवितो, आणि त्याला शेतांत जुंपतो. त्याला मजुरी नाहीं, बोलणें नाहीं, सुटका नाहीं; मिठाची कणी तोंडांत गेली तरच त्याला आपण मेलों आहों ह्याची आठवण होते. ज्या लोकांचे पूर्वज आफ्रिकेंतून पकडून आणून फ्रेंच मळ्यांत मरेपर्यंत राबविले गेले, त्यांना मेल्यावरही राबावें लागेल ह्याहून मोठी भीति कोणती असणार? आमच्याकडे आखाजीला सालदाराचें वर्ष संपतें व नवें ठरतें. मागील उचल फिटलेली नसते. ती नव्या सालांत येते, आणि पुष्कळ ठिकाणीं बापाची उचल मुलाच्या नांवावर चढे. त्या सालदाराला कोणीं मांत्रिकानें उठविलेलें नव्हतें. हिशेबाची वही पुरेशी होती. शहाद्याच्या भागांत १९७२ च्या सुमारास अंबरसिंग सुरतवंती व श्रमिक संघटना ह्यांनीं भूमिहीन भिल्लांची जी चळवळ उभी केली, ती एका अर्थानें त्या तोंडांत मिठाची कणी घालण्याचाच उद्योग होता.

बाबूराव बागूल ह्यांच्या कथेकडे वळतांना आमचें मन कचरतें, कारण तींत आमच्यासारख्यांना बाजूला उभें राहतां येत नाहीं. बागूल नाशिकजवळच्या विहितगांवचे, म्हणजे खानदेशाचे शेजारी. त्यांचा पहिला संग्रह १९६३ सालीं निघाला आणि मराठी कथेच्या बैठकींतील पुष्कळ मंडळी अस्वस्थ झाली. संग्रहाचें नांव 'जेव्हा मी जात चोरली होती'. त्या नांवाच्या कथेंतला तरुण सुरतेच्या बाजूला रेल्वेंत नोकरीस लागतो. (आमच्या जळगांवाहून जी गाडी तापीकांठानें सुरतेस जाते तिनें प्रवास करतांना ही कथा आम्हांस प्रत्येक वेळीं आठवते.) राहावयास खोली हवी, सोबत्यांत मान हवा, म्हणून तो आपली जात सांगत नाहीं, लोक त्याला उच्चवर्णीय समजतात, त्याला कवि म्हणून मानतात, प्रेमानें वागवितात. कथेंत पानोपानीं काळोख दाटत जातो तो ह्या प्रेमामुळेंच. जितकें प्रेम अधिक, तितकी जात उघड झाल्यावर पडणारी काठी मोठी. आणि ती पडतेच.

१९३७ च्या त्या कत्तलींत, असें सांगतात कीं, डोमिनिकन शिपाई समोरच्या काळ्या माणसास कोथिंबिरीसारख्या एका पाल्याची जुडी दाखवून तिचें नांव उच्चारावयास लावीत. स्पॅनिश भाषेंतला 'र' हैतीच्या माणसाच्या जिभेवर नीट येत नसे. उच्चार चुकला कीं कोयता. एका अक्षरावर जीव! आम्हांस हें वाचून मोठा अचंबा वाटला, आणि थोड्या वेळानें तो अचंबा ओसरला. आपल्या देशांत भाड्यानें खोली पाहणाऱ्यास घरमालक प्रथम काय विचारतो? आडनांव. तें नीट समजलें नाहीं तर मूळ गांव, गांव नाहीं समजलें तर 'तुमच्याकडे कोणता देव?' आमच्याकडे कोयता बाहेर काढीत नाहींत इतकेंच. खोली नुकतीच दुसऱ्याला दिली असें सांगतात. जळगांवांत आमच्या स्वतःच्या वाड्याच्या वरच्या मजल्यावरील दोन खोल्या आमच्या वडिलांनीं एका शिक्षकाला अशाच रीतीनें 'नुकत्याच दुसऱ्याला' दिल्या होत्या. त्या पुढें सात महिने रिकाम्या होत्या. त्या वेळीं आम्ही कॉलेजांत समतेवर निबंध लिहीत होतों.

जी. ए. कुलकर्णी ह्यांचें नांव अजून आलें नाहीं म्हणून कांहीं वाचक रागावले असतील. काळोख म्हटला कीं मराठी वाचकास प्रथम जी. ए. आठवतात, आणि तें योग्यच आहे. 'निळासांवळा' ते 'पिंगळावेळ', १९५९ ते १९७७, ह्या संग्रहांइतकी गडद शाई मराठींत दुसऱ्या कोणीं वापरली नाहीं. 'स्वामी' ह्या कथेंत एका प्रवाशाला मठांत नेऊन, मानानें, पूजेनें, जमिनीखालच्या खोलींत स्वामी म्हणून कायमचें कोंडून ठेवतात. तें वाचून ज्याचा श्वास कोंडला नाहीं असा वाचक आम्हांस माहीत नाहीं. पण जी. एं.चा काळोख नियतीचा आहे. त्याला पत्ता नाहीं, तारीख नाहीं, आणि म्हणून त्याच्यापुढें कोणाला उभें करून जाब विचारतां येत नाहीं. अण्णाभाऊ-बागुलांच्या आणि हैतीकरांच्या काळोखाला पत्ता आहे. दोहोंत श्रेष्ठ कोण हा वाद आम्ही घालणार नाहीं. नारायण धारप व रत्नाकर मतकरी ह्यांनीं भयकथा आणि गूढकथा घरोघरीं नेली, त्यांचें ऋण वाचनालयांना ठाऊक आहे. आमच्या ह्या विषयाच्या कांठाशींच ते येतात.

हैतीच्या व आमच्या कथांत एक अंतर मात्र फार मोठें आहे. हैतीच्या काळोखामागें एक उजेड आहे. १७९१ च्या आगस्टांत तेथील गुलामांनीं बंड केलें आणि १ जानेवारी १८०४ रोजीं, नेपोलियनच्या सैन्यास धूळ चारून, स्वतंत्र राष्ट्र स्थापिलें. गुलामांनीं बंड करून राष्ट्र उभारल्याचें असें दुसरें उदाहरण इतिहासांत नाहीं. पुढें १८२५ सालीं फ्रान्सनें लढाऊ जहाजें बंदरांत उभीं करून, गमावलेल्या मिळकतीची भरपाई म्हणून पंधरा कोटी फ्रँक मागितले. ती रक्कम मागाहून नऊ कोटींवर आणिली, तरी त्या कर्जाखालीं देश पिढ्यान् पिढ्या दबला. म्हणजे सुटलेल्या गुलामानें आपली किंमत मालकास भरावयाची! मग अमेरिकेचें लष्कर, मग १९५७ पासून १९८६ पर्यंत दुवालिए बापलेकांची राजवट आणि त्यांचे 'तोंतों माकूत' नांवाचे मारेकरी. दांतिका ह्यांच्याच एका कथेंत उसाच्या कारखान्यांत शौचकूप धुण्याचें कांहीं तासांचें काम मिळालें म्हणून आनंदणारा एक बाप आहे. त्याचा मुलगा शाळेच्या नाटकांत १७९१ च्या बंडाच्या पुढाऱ्याचें भाषण पाठ करीत असतो. बाप कारखानदाराचें विमानाच्या जातीचें तें मोठें फुग्याचें यान पळवितो, आकाशांत चढतो आणि वरून खालीं येऊन पडतो. आणि मुलगा बापाच्या प्रेतापुढें तें भाषण म्हणतो. पूर्वजांचा विजय पाठ असणें हेंच त्या घराचें दुःख आहे.

आमच्या खानदेशाला असा पाठ नाहीं. त्याच १८२५ सालीं औट्रम साहेबानें धरणगांवास भिल्ल पलटण उभी केली, भिल्लांनीं भिल्लांना धरावें म्हणून. १८५७-५८ त खाज्या नाइकानें सेंधव्याचा घाट अडविला, आणि १८५८ च्या एप्रिलांत अंबापाणीच्या लढाईनें तेंही संपलें. त्याही आधीं थाळनेर आहे. तापीच्या कांठीं, फारुकी राजांच्या कबरी जेथें आहेत तेथील किल्ल्यावर २७ फेब्रुवारी १८१८ रोजीं सर थॉमस हिस्लॉप ह्याचें सैन्य आलें. दरवाज्यांत गोंधळ झाला, आंत शिरलेले इंग्रज अंमलदार मारले गेले, आणि मग आंतील सुमारें तीनशें शिबंदी कापून काढली व किल्लेदार तुळसीराम ह्यास फांशीं दिलें. विलायतेच्या पार्लमेंटांत सैन्याच्या आभाराचा ठराव आला तेव्हां ह्या फांशीविषयीं तेथेंही प्रश्न निघाले. आम्हीं थाळनेरविषयीं जें वाचलें तें सरकारी पुस्तकांत. लहानपणीं आम्ही त्या घाटावर डोहांत पोहलों आहों. त्या तीनशेंतल्या एकाच्याही बायकोमुलांची गोष्ट आम्हांस त्या गांवीं कोणीं सांगितली नाहीं, आणि आम्हींही कोणास विचारली नाहीं. हैतीची बाई नदी ओलांडून गेलेल्या आईची गोष्ट सांगते. तापीही बरीच रुंद आहे.

"असलें काळें साहित्य घरांत कशास?" असें आमच्याच घरांतील वडीलधाऱ्यांनीं विचारलें. प्रश्न वावगा नाहीं. दिवसभर राबून आलेल्या माणसास रात्रीं स्मशानांत फिरवून आणावयाचें म्हणजे त्याच्यावर जुलूमच. आम्हीं तरीही एका रविवारीं रात्रीं 'स्मशानांतील सोनं' घरांत मोठ्यानें वाचली. वाचतांना जुन्या संवयीनें हुंकार मागितला. तो प्रथम कोणी देईना, पुढें मधल्या घरांतून आईनें दिला. तिचें वय नव्वदीच्या घरांत. कथा संपल्यावर बारा वर्षांच्या पुतणीनें विचारलें, "काका, खाण सुरू व्हायचीच होती, तर आदल्या दिवशीं त्याला कुणी सांगितलं कां नाहीं?" आम्ही उत्तर जुळवीत होतों, इतक्यांत आईनें आंतून लिंबापलीकडच्या त्या म्हातारीचें नांव घेतलें. तिला नांव होतें हें इतक्या वर्षांत आम्हांस माहीतच नव्हतें. तिच्या विहिरीचें पाणी गोड होतें, म्हणाली. लग्न होऊन ती नवी आली तेव्हां दोघी बरोबर पाणी भरीत. मग बोलणें कां सोडलें, असें पुतणीनें विचारलें. आई म्हणाली, "सगळ्यांनींच सोडलं, बाई." त्या शेतांत आतां केळी आहेत.